मूर्तीच्या डोळ्यावर किती लक्स

उजेड मोजणारा लक्समीटर मी वाचायच्या टेबलासाठी घेतला होता. दिवा मंद झालाय की डोळे, याचा निकाल लागत नव्हता. दुकानदार डोळ्यांना दोष देत होता, चष्मेवाला दिव्याला. मला दोघांचाही भरवसा वाटेना. आषाढात पेणला निघाले तेव्हा मीटर पिशवीतच राहिला.

पनवेलहून एसटी. हमरापूर पेणच्या आधी येतं. गाडी थांबेल का, हे चढतानाच विचारा. मी विचारलं नाही, पेणहून रिक्षाने मागे आले. रिक्षाचं भाडं बसण्याआधी ठरवा.

हमरापुरात घरोघरी गणपतींचे कारखाने. मी शिरले तिथे भांडण चाललं होतं. लीलाकाकी लग्न होऊन आल्यापासून आखणी करतात, म्हणजे रंगवलेल्या मूर्तीचे डोळे रेखतात. मालक राजाभाऊंनी ट्यूब काढून एलईडी बल्ब लावला आणि काकींची रेघ हलायला लागली.

"काकी, डोळे गेले तुमचे. आखणी मंदाला द्या, तुम्ही अंगरंग मारा."

"माझे डोळे बरे हायत. तुझा दिवा निम्मी वीज खातो नि उजेड म्हणे जास्त. निम्मं जेवून दुप्पट राबणारा मानूस तरी पायलास का?"

मी मध्ये पडले. वॅट म्हणजे दिवा खातो ती वीज. लक्स म्हणजे एखाद्या जागेवर पडणारा उजेड, माणसाच्या डोळ्याला दिसेल तसा मोजलेला. कमी खाऊन जास्त उजेड देता येतो. काकींनी माझ्याकडे बल्बच्या कंपनीने पाठवल्यासारखं पाहिलं.

मीटरची पांढरी चकती मूर्तीच्या डोळ्याला टेकवली. बल्बखाली चारशेवर. राजाभाऊंनी ट्यूब परत लावली, तीनशेच्या आत. पुन्हा बल्ब.

"झालं समाधान?" राजाभाऊ म्हणाले.

"ही तुझीच पाव्हणी असंल. मी उठनार नाय," म्हणत काकी कुंचला घेऊन मूर्तीपुढे बसल्या. चकती तिथेच होती. आकडा ऐंशीवर आला. बल्ब त्यांच्या मागे, एका ठिकाणी. डोकं आणि हात आड येत होते. ट्यूब लावून त्यांना तसंच बसवलं. दोनशे. लांब ट्यूबचा उजेड बाजूंनी पोचत होता.

"मशीन बिघडलं," राजाभाऊ म्हणाले.

"आता बिघडलं व्हय? मगाशी बरं होतं."

बाजूला मूर्तींची अंगं रंगवणारी मंदा मान खाली घालून हसली. ट्यूब राहिली, आखणी काकींकडे राहिली.

वडखळला अलिबागचा रस्ता फुटतो, पाटी वाचून चढा. रोह्याला लागून वरसे, तिथे मैत्रिणीकडे मुक्काम. तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं. मी काकी जिंकल्याची गोष्ट सांगितली.

"मग रेघ सरळ आली?" तिने विचारलं.

मी पाहिलीच नव्हती.

परतताना हमरापूरला उतरले. ट्यूबखाली काकी काम करत होत्या. मूर्ती नाकापाशी धरलेली. डाव्या हाताचं बोट साच्यातून उठलेल्या पापणीच्या कडेवर ठेवायच्या आणि कुंचला त्या बोटामागून न्यायच्या. रेघ सरळ होती.

"काय बघतेस गो? मोज की."

राजाभाऊ दारातून आमच्याकडे बघत होते. मी मीटर काढला नाही.

घरी चकती पुस्तकावर ठेवली. या वेळी खुर्चीत बसून, पुस्तकावर वाकून. आकडा भरपूर आला. अक्षरं पुसटच राहिली.

हमरापूरला जरूर जा. यातली नावं बदललेली आहेत. कारखाना कोणता, हे विचारू नका.