पप्पांनी सांगितलेला अर्थ

आमचा बँड चांगलाच गाजत होता, फक्त हे अजून कोणाला माहीत नव्हतं.

आम्ही हार्डकोर पंक वाजवतो. त्यातही भावनिक आणि राजकीय. म्हणजे आमच्या दिवा गावात नळाला पाणी येत नाही हा संताप मी घसा फाटेस्तोवर किंचाळून सांगते आणि कडव्याच्या शेवटी रडते. (रडणं खरं असतं, कारण पाणी खरंच येत नाही.)

शेवटी नौपाड्यात एक हॉल मिळाला. मालकांनी बजावलेलं, "एक जरी तक्रार आली, तरी पुन्हा इथे पाय ठेवायचा नाही." पप्पा पहिल्यांदाच ऐकायला आले. पप्पा म्हणजे आमच्या बिल्डिंगमधला सगळ्यात कमी बोलणारा माणूस. सोसायटीच्या मीटिंगला जातात ते फक्त सही करायला. कडक इस्त्रीचा शर्ट घालून पहिल्या रांगेत बसले.

हॉलच्या खाली दातांचा दवाखाना आहे, हे आम्हाला कोणी सांगितलंच नव्हतं. मी पहिली किंकाळी फोडली आणि खाली 'आ' करून बसलेला पेशंट गळ्यातल्या नॅपकिनसकट रस्त्यावर पळाला! दुसऱ्या गाण्याला डॉक्टर स्वतः वर आले, हातातले मोजेही न काढता.

"बंद करा हे. या मुलीला होतंय काय? कुठे दुखतंय?"

सगळे एकमेकांकडे बघायला लागले. (आमच्या चाहत्यांनाही शब्द कळत नाहीत, हे मला तेव्हा समजलं.) तेवढ्यात पप्पा उठले, स्टेजवर आले आणि माझ्या हातातून माईक घेतला.

"नमस्कार. माझ्या मुलीला काहीही दुखत नाहीये. पहिल्या कडव्यात तिचं म्हणणं असं आहे, की टँकर येतो, पण ओळखीच्या बिल्डिंगला आधी जातो. दुसऱ्यात ती विचारते, की मग पाण्याचं बिल आम्हाला का? शेवटचं ते 'आऽऽऽ' मात्र मलाही कळलेलं नाही. बेबी, ते काय आहे गं?"

"पप्पा, ते नुसतं 'आ' आहे."

"ते नुसतं 'आ' आहे," पप्पांनी जाहीर केलं.

हॉल टाळ्यांनी दणाणला. डॉक्टरांनी मोजे काढले. "अहो, मग हे आधी सांगायचं ना," म्हणत खुर्ची ओढून बसले. "चालू द्या."

मग तसंच सुरू झालं. मी किंचाळायचे, पप्पा अर्थ सांगायचे. तिसऱ्या गाण्यापर्यंत पोरं "पप्पा, पप्पा" ओरडायला लागली. चौथ्याला माझी किंकाळी जरा लांबली, तर मागून कोणीतरी म्हणालं, "ताई, आवरा, त्यांना बोलू द्या." शेवटी पप्पांनी बंद लिफ्टचा मुद्दाही मांडला. (गाण्यात लिफ्ट कुठेच नाही.)

कार्यक्रम संपला. एक मुलगी धावत माझ्याकडे आली. मी घाम पुसला, केस सारखे केले.

"ताई," तिने मोबाईल माझ्या हातात दिला, "माझा पप्पांबरोबर एक फोटो काढता?"

काढला. पप्पांनी बघितला आणि म्हणाले, "हललाय. परत काढ."