परब बाईंचं स्मरणचित्र

परब बाई कुठल्याही गोष्टीकडे आधी डोळे बारीक करून बघत. नीउ-व्हेनेप या डच गावातल्या आमच्या गल्लीत त्या मला पहिल्यांदा दिसल्या त्या अशाच. दोन्ही बाजूंना एका साच्यातून काढलेली विटांची घरं, आणि मधोमध साडीवर मुलाचं जाडजूड जाकीट चढवलेल्या एक बाई, डोळे किलकिले करून कुणाच्या तरी छपराकडे बघत उभ्या. चष्मा विसरल्या असतील, असं समजून मी अदबीने विचारलं, "काकू, घर शोधताय का?"

"घर सापडलंय," त्या म्हणाल्या. "उजेड शोधतेय. तुमच्याकडे सगळीकडे एकच छटा आहे हो. सावली म्हणून पडत नाही."

त्या आमच्या शेजारच्या मंदारच्या आई. कणकवलीच्या मुलींच्या शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झालेल्या. नातवाच्या बारशाला आल्या होत्या आणि होळीच्या आत परत जायच्या होत्या. परब काका आलेच नव्हते. आपली सगळी वस्ती समुद्रसपाटीच्या खाली आहे, हे मंदारने त्यांना एकदा कौतुकाने सांगितलं होतं. तेव्हापासून त्यांचं एकच पालुपद, "दर्याच्या खाली गाव? माका नको." बाई एकट्या आल्या, नातवाचं नाव ठेवून झालं, आणि मग करोना आला. विमानं थांबली आणि बाई अडकल्या.

शाळा बंद झाल्या तेव्हा माझी मुलगी ईरा नऊ वर्षांची होती. मी वरच्या खोलीत मीटिंगमध्ये, तिची आई खालच्या खोलीत मीटिंगमध्ये आणि ईरा जिन्यावर. बाईंनी हे आठवडाभर पाहिलं आणि एक दिवस कुंपणापलीकडून फर्मान काढलं, "ईराचे बाबा, उद्यापासून पोरीला कालव्यावर पाठवा. अंतर ठेवून शिकवीन, मास्क लावून शिकवीन, पण जिन्यावर बसवू नका." कालव्याच्या काठी एक बाक होता. त्याच्या एका टोकाला बाई, दुसऱ्या टोकाला ईरा. मी जेवणाच्या सुट्टीत सायकल घेऊन तिकडे जायचो आणि गवतात बसून फुकट शिकायचो.

शाळेत असताना माझ्या चित्राला बाईंनी नव्हे, पण त्यांच्याच जातकुळीतल्या एका मास्तरांनी 'प्रयत्न करावा' असा शेरा मारला होता. पण परब बाईंचं शिकवणं वेगळंच. रेषा, आकार, रंग, छटा, पोत, अवकाश हे शब्द त्या अशा वापरत की शेजारपाजारच्या माणसांबद्दल बोलताहेत असं वाटावं. ईराने कागदाच्या मधोमध घर ठोकलं की म्हणत, "पांढरा कागद रिकामा नसतो गो. त्यात तू घुसलीस. आता त्याला बसायला जागा ठेव." ईराला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इंग्रजीत येतं. "But my line is not straight," ती कुरकुरायची. "सरळ रेघ कुणी मागितली? सरळ हवी तर पट्टी आहे. मला तुझी हवी. श्वास सोड आणि ओढ."

समतोल शिकवताना त्यांनी बागेतल्या सी-सॉचं उदाहरण दिलं. दोन्हीकडे सारखं ठेवणं म्हणजे समतोल नाही. जवळ दोन म्हशी उभ्या केल्या तर लांबच्या टोकावर एक पोर पुरते. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "आमचं तेच चाललंय. मी ही अशी, आणि हे काडीएवढे. म्हणून त्यांना कणकवलीएवढे लांब बसवलेत." आणि स्वतःच हसल्या. त्या वर्षी आमच्या गल्लीत इतकं मोकळं हसणारं दुसरं कुणी नव्हतं.

एकदा मी स्मरणचित्राचा विषय काढला. महाराष्ट्रात ज्यांनी चित्रकलेची एलिमेंटरी-इंटरमीजिएट दिली आहे, त्यांना हा पेपर ठाऊक असतो. 'बाजाराचे दृश्य' किंवा 'बसथांबा' असा विषय येतो आणि समोर काही न ठेवता, आठवणीतून चित्र काढायचं असतं. बाईंच्या शाळेचा निकाल दरवर्षी उत्तम लागे. त्याचं गुपित त्यांनी बिनदिक्कत सांगितलं. त्या मुलींकडून ठरावीक माणसं घोटून घेत. एक टोपलीवाली, एक छत्रीवाला, एक पिशवी घेऊन चाललेला, एक बाकावर बसलेला. विषय काहीही येवो, ही मंडळी तिथे हजर. "आणि चेहऱ्यावर वेळ घालवायचा नाही," त्या म्हणाल्या. "डोकं अंड्यासारखं काढा, केस भरा, पुढे चला. नाक-डोळे करत बसलात की मागचं झाड राहतं आणि मार्क जातात."

"म्हणजे स्मरण नव्हे, पाठांतर," मी म्हणालो.

"पाठांतरच. परीक्षकाला चित्र बघायला वेळ कुठे असतो? लय बघतो, प्रमाण बघतो, कागद भरलाय का बघतो." शेकडो मुली अशा पास केल्या, हे सांगताना त्यांच्या चेहऱ्यावर चांगलाच अभिमान होता.

दिवस जात राहिले. विमानं थोडीफार सुरू झाली. बाई परतायचं म्हणाल्या की मंदार म्हणे, "आई, जरा निवळू दे." तो वाईट मुलगा नव्हता, घाबरलेला मुलगा होता. आमच्यातला कोण नव्हता? बाई तिकीट पुढे ढकलत राहिल्या. दुसरा उन्हाळा तोंडावर आला आणि एका सकाळी कणकवलीहून पुतण्याचा फोन आला. काकांना ताप होता, मग दम लागला, मग रुग्णालयात नेलं. मंदारने त्याच दिवशी आईचं तिकीट काढलं. बाईंनी अर्ध्या तासात बॅग भरली. विमानात बसण्याआधी करोनाची चाचणी लागायची, ती केली. आणि ती पॉझिटिव्ह आली.

बाईंना साधं नाक वाहत होतं. मंदारने त्यांना माळ्यावरच्या खोलीत ठेवलं. बाळ घरात होतं, दुसरा इलाज नव्हता. मी मागच्या अंगणात जाऊन उभा राहिलो, की त्या छपरातली तिरकी खिडकी उघडून डोकं बाहेर काढत. केस विंचरलेले नसत. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं.

"ईराचे बाबा," त्या वरून म्हणाल्या, "तुम्ही कम्प्युटरमधले ना?"

"हो."

"मग तो रिपोर्ट बदलून द्या. एक शब्द तर बदलायचा आहे."

मला वाटलं, थट्टा करताहेत. वर बघितलं तर तसं काही नव्हतं. मी चाचरत सांगितलं, बाई, त्यावर कोड असतो, विमानतळावर तपासतात, शिवाय विमानात इतर माणसं असतात. मी बोलतच होतो आणि मला माझ्या प्रत्येक वाक्याचा राग येत होता.

"मी मास्क काढणार नाही. पाणी पिणार नाही. संडासला उठणार नाही," त्या म्हणाल्या. "एवढंच करा."

"नाही करता येत, बाई."

"मग कशाला शिकलात एवढं?" त्यांनी खिडकी लावून घेतली.

काका गेले तेव्हा बाई अजून माळ्यावरच होत्या. मंदार जिन्यात बसून दाराशी बोलला. पुतण्याला स्मशानात लांब उभं केलं होतं. तिथून त्याने फोनवर चित्रण करून पाठवलं. दुसऱ्या दिवशी मी अंगणात गेलो. काय बोलायचं ते ठरवून गेलो होतो, पण बाईच बोलल्या. "बघितलं. पांढरा आकार होता. प्लॅस्टिकचा पोत. आत कोण होतं, कळलं नाही." मग म्हणाल्या, "मोठे कागद आणून द्या. आणि मऊ पेन्सिली." रिपोर्ट बदलून देता आला नव्हता. कागद मी त्याच दिवशी दाराशी ठेवले.

त्या खाली उतरल्या त्या दिवशी मला बोलावणं आलं. मागच्या हिरवळीवर त्यांनी कागद पसरले होते आणि उडू नयेत म्हणून त्यावर बाळाची खेळणी ठेवली होती. मी एकेक बघत गेलो. छत्री घेतलेला माणूस. पिशवी घेऊन चाललेला माणूस. बाकावर बसलेला. सायकल धरून उभा. प्रमाण चोख, रेघ झोकदार, कागद भरलेला. कुठल्याही परीक्षेत पहिला नंबर यावा अशी चित्रं. आणि प्रत्येकाच्या मानेवर केस भरलेलं एक अंडं.

"हे सगळे ते आहेत," बाई म्हणाल्या. "हात ऐकत नाही हो. डोळे मिटले की मला ते लख्ख दिसतात. पेन्सिल टेकवली की छत्रीवाला येतो. तीस वर्षं पोरींना स्मरणचित्र शिकवलं, आणि माझा नवरा मला काढता येत नाही."

घरात मंदारने काकांचा फोटो मोठा करून लावला होता, त्याला हार होता. मी भीत भीत म्हणालो, त्यावरून काढून बघा. त्या चिडल्याच. "तो फोटो बघितलात? पोट आत घेऊन, श्वास रोखून बसलेत. तसे ते आयुष्यात एवढाच वेळ बसले. फोटोवरून काढला तर फोटो येईल. मला घरातले हवेत."

मग त्यांनी वर्षभराचे व्हिडिओ कॉल आठवून बघितल्याचं सांगितलं. तिथेही हाती काही लागेना, कारण काका व्हिडिओ कॉल सुद्धा कानाला लावूनच घेत. समोर धरा, समोर धरा, असं बाईंनी किती वेळा सांगितलं असेल. "तर म्हणायचे, मगे माका ऐकाक कसा येतला? वर्षभर मी कानाशी बोलले, ईराचे बाबा." असं म्हणून त्यांनी सगळ्यात खालचा कागद ओढून काढला. त्यावर एक कान होता, तळहाताएवढा. वरची घडी, आतली सावली, बाहेर आलेले दोन-चार राठ केस. तो जिवंत होता. त्या अख्ख्या हिरवळीवर तेवढाच एक माणूस होता. मी काही बोलायच्या आत त्यांनी तो पालथा घातला.

कालव्यावरची शाळा बंद पडली. ईरा दोनदा रंग घेऊन त्यांच्या दाराशी जाऊन आली. "Baba, is Bai angry with me?" तिने विचारलं. बाई दिवसभर खिडकीशी बसत आणि डोळे बारीक करत नसत. सताड उघड्या डोळ्यांनी बघत, आणि ते बघणं कशावरही टेकत नसे. मला त्यांच्या घरावरून जायची धास्ती वाटू लागली.

तिकडचा पावसाळा संपता संपता त्या परत गेल्या. मंदारची गाडी निघताना त्यांनी मला जवळ बोलावलं. त्यांच्या आवाजात बऱ्याच महिन्यांनी धार होती. "घरी सापडतील," त्या म्हणाल्या. "खुर्ची तिथे आहे, चपला आहेत, खुंटीला सदरा आहे. वस्तू नीट मांडल्या ना, की मधला अवकाश आपोआप आकार धरतो. हे मी पाचवीच्या पोरींना शिकवायचे." मी मान डोलावली. मला ते अगदी पटलं होतं.

थंडीत, ऐन जेवणाच्या सुट्टीत त्यांचा फोन आला. साधा फोन. ईरा कशी आहे, विचारलं. कालव्याचं पाणी गोठलं का, विचारलं. मग म्हणाल्या, "खुर्ची मांडली. चपला मांडल्या. सगळं बरोबर आलं. मधली जागा पांढरीच राहिली. आणि आता कानसुद्धा जायला लागलाय. पाळी सुटी होती की चिकटलेली, काल आठवेना. कागद काढून बघितला तर वाटलं, हा कुणाचाही असेल."

मग म्हणाल्या, "तुम्ही एकदा बोलला होतात ना त्यांच्याशी?"

बोललो होतो. कालव्यावर एकदा बाईंचे हात रंगाने भरलेले असताना फोन वाजला आणि त्यांनी तो माझ्या हातात कोंबला होता. काकांनी नेहमीप्रमाणे फोन कानाला लावलेला, त्यामुळे पलीकडे कोण आहे याचा पत्ताच नाही. बायकोच आहे असं धरून ते एक वाक्य बोलले होते. मी बाईंना तेव्हा ते सांगितलंच नव्हतं, कारण मला ते अर्धंच कळलं होतं; खुडूक म्हणजे अंड्यांवर बसून राहणारी कोंबडी, हे मी नंतर विचारून घेतलं.

"काय म्हणाले?"

"म्हणाले की, कोंबडी खुडूक झाली आहे. तू कधी येशील?"

"येशील?" बाई एकदम शाळेतल्या आवाजात म्हणाल्या. "येशील असं जन्मात म्हणाले नाहीत ते. नीट आठवा."

मी डोळे मिटले. कालवा आठवला, बाक आठवला. "कोंबडी खुडूक झाली हा गो," मी म्हणालो. "तू कधी येतलंस?"

फोन कट झाला की काय, म्हणून मी स्क्रीनकडे बघितलं. चालू होता.

"शेवट जरा वर जायचा," त्या म्हणाल्या. "येतलंस. पुन्हा म्हणा."

मी म्हणालो. लॅपटॉपवर पुढची मीटिंग सुरू झाली होती आणि कुणीतरी माझं नाव घेत होतं. मी झाकण लावलं.

"पुन्हा."

माझ्यासारख्या पुण्याच्या माणसाच्या तोंडी मालवणी किती बेगडी वाटते, हे मला ऐकू येत होतं. तरी मी म्हणत राहिलो, तू कधी येतलंस, तू कधी येतलंस, आणि बाई दर वेळी हळू आवाजात म्हणत होत्या, पुन्हा.