माहेर पुलगावला, माय सिंदीला

मंडळी, आज सकाळी बातमीसाठी पुलगावच्या पोलीस ठाण्यात गेलो होतो. तिथे जे ऐकलं, ते अजून डोक्यातून जात नाही.

रशीदाबाई कराचीहून आल्या आहेत. जन्म पुलगावचा, फाळणीआधी लग्न होऊन तिकडे गेल्या. गेल्या वर्षापासून इकडे यायला पासपोर्ट लागतो आणि व्हिसावर ज्या गावाचं नाव असेल तेवढ्याच गावात राहता येतं.

"सिंदीले जाऊ द्या, भाऊ. माय अंथरुणावर हाय," त्या जमादारांना विनवत होत्या.

"मंग व्हिसावर पुलगाव काऊन लिहून आणलं?" जमादारांनी विचारलं.

"कुठं जायचं म्हणून पुसलं, मी माहेराचं नाव सांगतलं. भाऊ मायले सिंदीले घेऊन गेला, हे मले तिकडं कोण सांगन?"

"वरून परवानगी मागवली हाय, बाई. तोवर तुमाले सोडलं तर तुमी अटकेत अन् मी घरी."

"ती येईपर्यंत व्हिसा संपून जाईन."

त्यांचा भाऊ शेजारीच उभा होता. मायला हलवू नका, असं डॉक्टरांनी त्याला बजावलं आहे.

दुपारी मीही त्यांच्याबरोबर स्टेशनवर गेलो. नागपूरच्या गाडीत भाऊ एकटाच चढला. बाई फलाटापर्यंत आल्या. तिथवर त्यांना मुभा आहे. गाडी हलली तसा तो खिडकीतून म्हणाला, "आपा, पोरगी पुलगावपर्यंत येऊन माह्याकडं काऊन नाई येत, असं माय रोज पुसते. काय सांगू तिले?"

बाई गाडीबरोबर फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेल्या.

सिंदी इथून काही स्टेशनांवर आहे. एव्हाना तो घरी पोचला असेल. त्याने मायला काय सांगावं, तुम्हाला सुचतं का?