पास चुकत होते कुणामुळे

व्यंकटरमण राव वीज मंडळात माझ्या यजमानांचे सहकारी. निवृत्त झाल्यावर ते आमच्या घरामागच्या मैदानावर मुलींना फुटबॉल शिकवू लागले. यजमान गेल्यावर महिनाभरानं ते दारात येऊन म्हणाले, "वहिनी, भिंतीकडे पाहत बसण्यापेक्षा मैदानावर या. खुर्ची मी ठेवतो." त्याला चार वर्षं झाली. संध्याकाळी पाच वाजता मला जायला एक जागा आहे, ती त्यांच्यामुळे.

सुरुवातीला मुली फार भांडत. रमणरावांनी शिस्त लावली. पाणी आधी मोठीला, सावलीतली जागा आधी मोठीला, वरच्या वर्गातल्या प्रत्येकीला 'अक्का' म्हणायचं, आणि स्वतः रमणरावांना 'सार', म्हणजे सर. भांडणं थांबली. आईबापही खूश झाले.

यंदा मात्र संघ लागोपाठ तीन सामने हरला. पास जुळतच नव्हते. चेंडू मध्यभागी जायचा आणि तिथून थेट समोरच्या संघाच्या पायात. मध्यभागी खेळायची कर्णधार शिवकामी, वरच्या वर्गातली, शेजारच्या दारासुरम गावातल्या रेशीम विणणाऱ्या घरातली. सगळे तिच्यावर घसरले.

"हिला काय डोळे नाहीत?" एक पालक माझ्या खुर्चीमागूनच ओरडले.

शुक्रवारी रमणराव माझ्याजवळ येऊन बसले. "रविवारी शिवकामीला बाहेर बसवतो, वहिनी. मन होत नाही."

"तिच्या वडिलांना ठाऊक आहे?"

"तेच तर. बाहेरच बसायचं असेल तर घरी विणायला मागावर बस, असं त्यांनी तिला सांगून ठेवलंय."

म्हणजे तिचा खेळच संपणार होता. घरी आल्यावर मी माझ्या रोजनिशीतले तिन्ही सामने काढले. रोजचं रोज तारीख घालून लिहायची सवय शाळेतल्या नन्सनी लावली. खेळातलं मला फारसं कळत नाही, म्हणून कुणी कुणाला चेंडू दिला एवढंच मी टिपत असे. तिसऱ्या सामन्यात लहान मुलींनी एकतीस पास दिले होते. त्यांतले सत्तावीस शिवकामीला. आणि तिच्याभोवती प्रत्येक वेळी दोन-तीन जणी उभ्या.

माझी नात मधुमिता त्याच संघात आहे, सातवीत. तिला विचारलं, "शरण्या तुझ्या शेजारी मोकळी होती ना? तिला का नाही दिलास?"

"शरण्या सहावीत आहे, आजी. अक्का समोर असताना तिला आधी कसा देऊ? सार रागावतील."

तिनं हे इतक्या सहज सांगितलं, जणू तोही खेळाचा नियमच.

सकाळी वही घेऊन रमणरावांकडे गेले. ते ओट्यावर कॉफी पीत होते. पान वाचलं, मधुमितानं काय सांगितलं ते ऐकलं, आणि टंबलर खाली ठेवला.

"म्हणजे चूक माझी."

"तसं म्हणायला नाही आले मी."

"तुम्ही कशाला म्हणाल! तुम्ही लिहून आणलंत." मग ते हसले, पण डोळे भरले होते. "पोरीला काढायला निघालो होतो, वहिनी."

त्या संध्याकाळी त्यांनी सगळ्या मुलींना गोल बसवलं. "तीन सामने हरलो ते शिवकामीमुळे नाही, माझ्यामुळे. रेषेच्या आत कुणी अक्का नाही. जी मोकळी, तिला चेंडू. हवा असेल तर नावानं हाक मारायची."

मुली माना खाली घालून बसल्या. नावानं?

"बरं, माझ्यापासून सुरू करा. मला हाक मारा."

मुली एकमेकींना कोपरानं ढोसू लागल्या. मग शरण्या डोळे मिटून किंचाळली, "रमणाऽऽ, पास!"

शिवकामी तर हसून हसून गवतावर लोळली. अडुसष्ट वर्षांच्या रमणरावांनी शरण्याला अगदी अदबीनं पास दिला.

रविवारी सामना एक-एक असा बरोबरीत सुटला. मधुमितानं शिवकामीला ओलांडून शरण्याला चेंडू दिला, आणि शिवकामी मोकळी पुढे धावली. शरण्याच्या पासवर गोल शिवकामीनंच केला.

सामना संपल्यावर तिचे वडील रमणरावांजवळ आले, हात जोडून. "सार, तुमचे फार उपकार."

रमणरावांनी ते हात धरून खाली केले. "उपकार कसले? परवा मी तिला काढणारच होतो. चूक माझी होती, नाव तिचं घेत होतो. तुम्हाला हे ठाऊक असायला हवं."

वडिलांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. मग म्हणाले, "असं कबूल करणाऱ्या माणसाकडेच पोर ठेवावी. उद्या किती वाजता पाठवू?"

"रोजच्यासारखं पाचला," रमणराव म्हणाले.