सॅन्टनच्या गाडीचा कोबा

मुंबईजवळच्या पापडी गावात सॅन्टनची वाडी आणि माझी वाडी यांच्यामध्ये एक कुंपण आहे. मी गोदीत हमाली केली. त्याने दुसऱ्यांच्या टुरिस्ट बस चालवल्या. वेलंकनी, गोवा, म्हैसूर, उटी. लोकांच्या बायकापोरांना त्याने देश दाखवला. त्याची बायको क्लेमेंटीन मात्र वाडीतच राहिली. सोनचाफ्याच्या कळ्या रोज पहाटे काढाव्या लागतात आणि झाडांना रोज पाणी लागतं. ती मुंबईच्या पुढे कधी गेली नाही.

निवृत्त झाल्यावर सॅन्टनने एका शाळेची जुनी मिनीबस घेतली. बाकं काढली. आत पलंग, शेगडी आणि पाण्याची टाकी बसवली. क्लेमेंटीनने पडदे शिवले. आळीतली मुलं त्या गाडीला कॅम्पर म्हणतात. आम्ही म्हातारे घरगाडी म्हणतो. तामिळनाडूत वेलंकनीच्या चर्चला जायचं, वाटेत हवं तिथे थांबायचं, एवढा साधा बेत होता.

पण गाडी ठेवायला जागा नव्हती. अंगण मातीचं. पहिल्याच पावसात मागची चाकं रुतली आणि गाडी कलून विहिरीच्या कठड्याला टेकली. फळ्या, दोर आणि आळीतले सगळे हात लागले तेव्हा ती निघाली. मग सॅन्टनने ती राजोडीला एका ओळखीच्या जागेत नेऊन ठेवली. तिथे समुद्र जवळ. खारा वारा पत्रा खातो. सॅन्टन स्कूटरवर जाऊन पत्र्याला तेलाचा हात द्यायचा, तरी पायरीखाली गंजाचे फोड आले. आणखी एक पावसाळा तिथे काढला तर खालची पट्टी राहणार नाही, असं मेकॅनिकने सांगितलं. दुसरी गाडी सजवण्याचं बळ सॅन्टनमध्ये उरलेलं नाही. ही गेली की क्लेमेंटीनचं जाणंही गेलं. म्हणून पावसाच्या आत अंगणात कोबा घालायचा ठरला.

काम ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळात काढलं. तेव्हा लग्नं नसतात, अंगण मोकळं असतं. गवंडी आणि त्याचे दोन गडी होते, पण त्यांच्याबरोबर सॅन्टनही राबला आणि मीही. वरची काळी माती काढली. खाली पायाला सोलिंगचे दगड हाताने उभे लावले. दगड आडवा टाकला की काम लवकर उरकतं, पण तो गाडीखाली हलतोही लवकर. उभा लावायला कंबर मोडते. फटींत चिपा ठोकल्या, मुरूम पसरला, पाणी मारलं, धुमसाने ठोकलं. पुन्हा पाणी, पुन्हा ठोकणं. हात बधिर झाले. मग लोखंडी जाळी बांधली आणि एका दिवसात काँक्रीट ओतलं.

आळी बघायला येत होती. प्रत्येकाकडे सल्ला होता. उतार विहिरीकडे नको. उतार फाटकाकडे नको. फेबियन समोर राहतो. तो रोज चहा घेऊन यायचा आणि खुर्ची टाकून बसायचा. बस केवढी मोठी, कोबा केवढा छोटा, यावर तो बराच वेळ बोलायचा. त्याच्या मुलीचं, टिफनीचं, लग्न ईस्टरनंतर ठरलेलं होतं. ते आम्हा सगळ्यांना माहीत होतं. आळीतल्या सगळ्या लग्नांचा मांडव सॅन्टनच्या अंगणात पडतो, कारण दुसरीकडे एवढी मोकळी जागा नाही, हेही सगळ्यांना माहीत होतं. तरी खांब कुठे रोवायचे हे एकालाही सुचलं नाही. उपवासकाळात लग्नाचं कोण बोलतो?

कोब्यावर गोणपाट टाकून सकाळ-संध्याकाळ विहिरीचं पाणी मारलं. कोबा दगडासारखा झाला. ईस्टर झाला. सॅन्टन गाडी आणायला राजोडीला निघणार, तेवढ्यात फेबियन डेकोरेटरला घेऊन आला. डेकोरेटरने बूट कोब्यावर घासला आणि विचारलं, खांब कुठे?

सॅन्टनने सांगितलं, हल्ली सगळीकडे लावतात तसे लोखंडी बैठकीवर खांब उभे करा. फेबियनलाही ते पटलं. पण मॅग्डलीन आत्याला पटलं नाही. ती सॅन्टनच्या बापाची बहीण, आळीत सगळ्यांत मोठी. आमच्याकडे मांडवाचा पहिला खांब जमिनीत जातो. त्याला आंब्याचे टहाळे बांधतात, पवित्र पाणी शिंपडतात, प्रार्थना म्हणतात. आजवर प्रत्येक लग्नात तो त्याच एका जागी गेला आहे. बाकीचे खांब कसेही उभे करा, पहिला मातीतच, असं आत्याने सांगितलं.

"ड्रममध्ये वाळू भरून उभा करू, आत्या," फेबियन म्हणाला. "कोणाला कळणार पण नाही."

"टिफनीला पण कुंडीत लाव मग," आत्या म्हणाली.

"आत्या, अंगण माझं आहे," सॅन्टन म्हणाला.

"आणि तुझ्या लग्नाचा खांब कुठे होता रे? हवेत?"

दुसऱ्या दिवशी सॅन्टनने छिन्नी आणि घण काढला.

ज्याने काँक्रीट ओतलं त्यानेच ते फोडायचं, यासारखं वाईट काम नाही. गोदीत ओझी उचलताना निदान ती कुठेतरी पोचायची. इथे आम्ही आमचेच कष्ट उकरत होतो. आत्या खुर्चीवर बसून जागा दाखवत होती. ओट्याच्या कोपऱ्यापासून इतकी पावलं, असं तिने सांगितलं आणि क्लेमेंटीनने ती चालून दाखवली. आम्ही खूण केली, फोडायला लागलो. घण मारला की ठिणगी उडायची, तुकडा उडायचा नाही. जाळीच्या सळ्या करवतीने कापाव्या लागल्या. खाली आम्हीच ठासून बसवलेले दगड, ते पहारीने काढले. दुपार झाली तेव्हा माती लागली.

आत्या उठून आली. खड्ड्यात बघितलं, घराकडे बघितलं. मग म्हणाली की हा ओटा नवा आहे. जुना आत होता. घर नवीन बांधलं तेव्हा ओटा पुढे आला. पावलं जुन्या ओट्यापासून मोजायची.

सॅन्टनने घण खाली ठेवला. पाणी प्यायला. मग घराच्या दिशेने सरकून दुसरी खूण केली. क्लेमेंटीनने आत जाऊन दार लावून घेतलं. दुसरा खड्डा संध्याकाळपर्यंत चालला. त्यात खाली खरंच कुजलेल्या लाकडाची काळी माती निघाली. आत्याला बरं वाटलं. आम्हाला काहीच वाटलं नाही. पहिला खड्डा काँक्रीटने भरला, पण जुन्यावर नवं काँक्रीट एकजीव होत नाही. ते ठिगळच राहतं. आणि ते ठिगळ नेमकं उजव्या चाकाखाली येतं.

खांब उभा राहिला, मांडव घातला. गाडी राजोडीलाच राहिली. टिफनीच्या लग्नात आळी त्या कोब्यावर नाचली. चिखल नाही, धूळ नाही, म्हणून सगळ्यांनी सॅन्टनला शाबासकी दिली. टाचेच्या बुटांना फार छान, असं नवऱ्याकडची एक बाई म्हणाली. सॅन्टन मांडवाच्या कडेला उभा होता. त्याने त्या सकाळी राजोडीला जाऊन बघितलं होतं. पायरीखालच्या पट्टीतून बोट आरपार गेलं होतं.

लग्नानंतर मांडव उतरेल, मग गाडी आणायची, मेकॅनिकला घरी बोलवून पट्टी बदलायची, असा हिशोब होता. पण मांडव उतरला नाही. फेबियन आणि ऑस्कर दोघे आले. ऑस्कर आळीच्या टोकाला राहतो, त्याच्या मुलाचं लग्न मे महिन्याच्या अखेरीस. मांडव घातलेलाच आहे, खांबही जागेवर आहे, तर राहू दे, असं दोघांचं म्हणणं. सॅन्टन दमलेला होता. तो हो म्हणण्याच्या बेतात होता, ते मला दिसत होतं. मलाही वाटलं, भांडून काय मिळणार. मे अखेर म्हणजे पाऊस दारात. मग कुठलं जाणं आणि कुठली वेलंकनी.

क्लेमेंटीन दारात उभी राहून ऐकत होती. या सगळ्या प्रकरणात ती एक शब्द बोलली नव्हती. आता ती ओट्याच्या पायऱ्या उतरली.

"मांडव ठेवा," ती ऑस्करला म्हणाली. "पण आम्ही लग्नाला नाही."

"असं काय, मावशी? ज्याचं अंगण तोच नाही?"

"अंगण लागतं ना तुला? ते आहे. आम्ही वेलंकनीला चाललोय."

सॅन्टन म्हणाला की पट्टी बदलल्याशिवाय गाडी लांब नेता येणार नाही. ती म्हणाली, पट्टी राजोडीत बदला, मेकॅनिक तिथेही येतो. चाफ्याचं काय, असं त्याने विचारलं. तिने माझ्याकडे बघितलं. मी मान डोलावली. दुसरं काय करणार होतो?

पट्टी राजोडीत वाळूवर आडवं पडून बदलली. सॅन्टन आणि मेकॅनिक खाली, मी वरून पत्रा दाबून धरलेला. क्लेमेंटीनने भांडी, तांदूळ, सुकी मासळी आणि दोन चटया रिक्षाने राजोडीला आणल्या. तिथूनच गाडी निघाली. आत्याला निरोप द्यायला दोघं गेली होती. ती तोंड फिरवून बसली होती, पण तिने दोघांच्या कपाळावर क्रूस काढला म्हणे.

ऑस्करच्या मुलाचं लग्न झालं. आत्या अजून म्हणते की यजमान पळून गेले, असं लग्न आळीत पहिल्यांदा झालं. चाफ्याच्या कळ्या मी काढतो. हे काम मला येत नाही. फांद्या वाकवताना मोडतात आणि कळ्या निम्म्या उमललेल्या हाती येतात. पाणी मात्र नीट घालतो.

मांडव कालच उतरला. अंगण मोकळं आहे. एवढे दगड उभे लावले, एवढं ठोकलं, ओतलं, भिजवलं, फोडलं, पुन्हा भरलं. आणि गाडी आहे तामिळनाडूत. आजपर्यंत तिचं एक चाकसुद्धा त्या कोब्याला लागलेलं नाही.