मार्थाबाईंच्या चाळीस दुपारी

दुपारी एक ते चार मार्थाबाईंच्या दाराची कडी वाजवायची कुणाची छाती नव्हती. गॅसची टाकी घेऊन आलेल्या माणसालाही त्यांनी एकदा चार वाजेपर्यंत जिन्यात बसवून ठेवलं होतं. इंदिरानगरमधल्या आमच्या इमारतीत त्या तळमजल्यावर एकट्याच राहत. मिशनच्या दवाखान्यात तीस वर्षं नर्स होत्या, त्यातली निम्मी रात्रपाळीत गेली. "लोकांना निवृत्तीनंतर पेन्शन मिळते, मला झोप मिळाली," असं त्या म्हणत आणि खुशाल पडदे ओढून घेत.

गोष्ट नव्वदच्या दशकाच्या मध्यावरची. संक्रांतीनंतर माझ्या सासूबाईंना, माईंना, अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली, बोलणं अडखळू लागलं. सकाळी एक बाई येऊन त्यांची अंघोळ-जेवण उरकायची आणि बाराला निघून जायची. यजमान सातपूरच्या कारखान्यात, मी गंगापूर रोडवरच्या एका ऑफिसात. बारा ते साडेपाच माईंजवळ कोण थांबणार, हे काही सुटेना. रजा संपली, तसा मी राजीनामा लिहून पर्समध्ये ठेवला.

तो ऑफिसात देणार, त्याच्या आदल्या संध्याकाळी मार्थाबाई वर आमच्याकडे आल्या. कपाळावर राखेचा क्रूस होता. उद्यापासून दुपारी मी येऊन बसते, एवढंच म्हणाल्या. मी त्यांचे हात धरले, तर त्यांनी ते सोडवून घेतले.

"तुझ्यासाठी येत नाही गं मी. आणि तुझ्या सासूसाठी तर मुळीच नाही. आमचा उपवासकाळ लागलाय आजपासून, ईस्टरपर्यंत चाळीस दिवस. काहीतरी आवडीचं सोडायचं असतं. यंदा मी झोप सोडलीय. घरी राहिले तर पलंग दिसतो."

सासूसाठी नाही, हे त्या खरंच बोलल्या होत्या. नाताळात त्यांनी पाठवलेल्या करंज्या माईंनी रुमालसुद्धा न उघडता परत केल्या होत्या. त्यांच्या हातचं पाणी माईंना चालत नसे.

पहिल्या दुपारी तेच झालं. मार्थाबाईंनी पाणी पुढे केलं, माईंनी तोंड फिरवलं. संध्याकाळी मी ओशाळून गेले, पण मार्थाबाईंना त्याचं काहीच वाटलं नव्हतं. उद्या जाताना तूच फुलपात्र भरून त्यांच्या डाव्या हाताशी ठेव, असं त्यांनी सांगितलं. माईंना म्हणाल्या, "माझ्या हातचं नको ना? मग स्वतःच्या हातानं प्या."

आठवडाभर पाणी चादरीवरच सांडत राहिलं. मार्थाबाई चादर बदलायच्या, पण फुलपात्राला हात लावायच्या नाहीत. तिसऱ्या आठवड्यात माई डाव्या हाताने पाणी पिऊ लागल्या. एकदा मी लवकर घरी आले, तर मार्थाबाई खिडकीशी उभ्या राहून जपमाळ ओढत होत्या. खुर्चीत बसलं की डोळा लागतो, म्हणून उभ्यानेच प्रार्थना चालली होती.

गुड फ्रायडेला मला सुट्टी होती. तरी त्या बाराच्या ठोक्याला हजर. सुट्टी तुला आहे, मला नाही, म्हणाल्या. सकाळभर चर्चच्या आवारात उन्हात क्रूसाची वाट, म्हणजे येशूच्या यातनांच्या टप्प्याटप्प्यावर थांबून प्रार्थना करत, चालून आल्या होत्या आणि तीनपर्यंत पाणीही न घेण्याचा त्यांचा नेम होता. माईंची उशी सारखी करता करता त्यांना गरगरलं. भिंतीला धरून त्या खाली बसल्या. मी स्वयंपाकघरातून धावत आले, तोवर माईंनी डाव्या हाताने आपलं फुलपात्र उचललं होतं. ते त्यांनी मार्थाबाईंपुढे धरलं.

"घ्या," माई म्हणाल्या. आजारपणात इतका स्पष्ट शब्द मी त्यांच्याकडून ऐकला नव्हता.

मार्थाबाईंनी घड्याळाकडे पाहिलं. दोनही वाजले नव्हते. मग त्यांनी फुलपात्र घेतलं आणि तोंड लावून सगळं पाणी पिऊन टाकलं. मी ते विसळायला उचललं, तर माईंनी मान हलवली. तसंच भरून दे, अशी खूण केली.

मार्थाबाईंना खाली सोडताना मी विचारलं, माझ्या घरात तुमचा नेम मोडला ना?

"मोडला की," त्या म्हणाल्या. "ते मी फादरना सांगेन. माईंना नाही म्हटलं असतं, तर ते कुणाला सांगितलं असतं?"

ईस्टरनंतर दुपारसाठी एक नर्स मिळाली, तीही त्यांनीच शोधलेली. मार्थाबाई पुन्हा पडदे ओढून झोपू लागल्या. मी राजीनामा फाडला आणि नोकरी केली ती थेट निवृत्तीपर्यंत. मुलांची शिक्षणं त्याच पगारावर झाली.

दहाएक वर्षांनी मार्थाबाई गेल्या. दफनाला गेले, तेव्हा मला वाटत होतं की त्यांचा असा उपवासकाळ फक्त मलाच ठाऊक आहे. तिथे एक रिक्षावाला भेटला. एका वर्षी टीव्हीवरची मालिका सोडून त्यांनी रोज संध्याकाळी त्याच्या मुलीचं गणित घेतलं होतं. ती मुलगी आता शिक्षिका होती. मग काठी टेकत त्यांची नणंद जवळ आली. दोघींचं कधी पटलं नाही, हे सगळ्यांना माहीत होतं.

"एका वर्षी तिनं माझ्यावर रागावणं सोडलं होतं," ती म्हणाली. "चाळीस दिवस वाकडा शब्द नाही. एकेचाळिसाव्या दिवशी सगळं बोलून घेतलं. पण त्या चाळीस दिवसांत मला लय बरं वाटलं बघ."

म्हातारी हसता हसता रडायला लागली. मी तिचा हात धरला, आणि मूठभर माती टाकायला आम्ही दोघी बरोबरच पुढे गेलो.