उजव्या हाताची नानकटाई

सारजाबाईंची नानकटाई आमच्या चाळीत सगळ्यांनी खाल्ली. तिची कृती मात्र कुणाच्या हाती लागली नाही. विचारलं तर म्हणायच्या, "सांगून येत न्हाय ते. माझ्या सासूनं तरी कुटं सांगितलं हुतं?" दिवाळी दोन दिवसांवर आली की परातीत तूप घेऊन तळव्यानं फेसत बसायच्या, पार पांढरं होईस्तोवर. चिमूटभर तूप पाण्यावर तरंगलं की मगच मैदा आणि पिठीसाखर. गोळे पत्र्यावर मांडून बेकरीच्या भट्टीत. सगळ्या गल्लीचे पत्रे एकाच भट्टीत जायचे, म्हणून घरोघरची खूण वेगळी. सारजाबाईंची खूण सूत गुंडाळायच्या कांडीच्या टोकानं उमटवलेली. त्यांचा सासरा हातमागावर विणकर होता. पहिलं ताट लक्ष्मीपूजनाला, मग आम्हाला.

सत्त्याहत्तर साली श्रावणात त्यांना अर्धांगाचा झटका आला. उजवा हात गेला. जीभ शाबूत राहिली, हे डॉक्टरलाही लगेच कळलं.

सून अक्कम्मा अक्कलकोटकडची. मराठी मोडकंतोडकं; सासूला कानडीत 'अत्ती' म्हणायची. लग्नाला तीन वर्षं झाली, तरी सासूनं तिला त्या परातीला हात लावू दिला नव्हता. "हिचा हात भाकरीचा. तूप बडवंल."

दिवाळी आली. सारजाबाईंनी परात पुढ्यात ओढली, डावा हात तुपापर्यंत नेला आणि मागे घेतला. त्यांच्या घरात डाव्या हाताचा नैवेद्य चालत नसे.

मी तेव्हा बी.ए.ला, सल्ले द्यायला सदा तयार. म्हटलं, "काकू, देवाला कुठं कळतंय डावा-उजवा?"

"देवाला न्हाय कळलं तरी मला कळतंय की. हो बाजूला, आली मोठी शिकलेली."

मग हळूच म्हणाल्या, "औंदा ऱ्हाऊ दे. संपलं आता." या बाईला मी तोवर कधी रडताना पाहिलं नव्हतं.

अक्कम्मा चुलीपाशी होती. उठली, हात धुतले आणि सासूच्या मागे येऊन बसली. तो लोंबता उजवा हात उचलून तिनं तुपात ठेवला आणि वरून आपला तळवा टेकवला.

"काय करतीस गं?"

"हात तुमचा हाय, अत्ती. ढकलणार मी."

"अगं, जोरात नगं! लोण्यावर मांजर फिरल्यागत फिरव. उलटं न्हाय! व्हय, असं." शिव्या देत देत त्या शिकवत होत्या, डोळ्यांतलं पाणी पुसायला हात मोकळा नव्हता. डावा होता, पण त्यानं त्यांनी सुनेचा गुडघा घट्ट धरला होता.

मी गुपचूप वाटीत पाणी आणून ठेवलं. तूप तरंगलं.

भट्टीतून पत्रा आला. लक्ष्मीपुढे ताट ठेवून झाल्यावर सारजाबाईंनी एक नानकटाई मोडून तोंडात टाकली. आम्ही सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होतो. "साखर कमी झाली," म्हणाल्या आणि दुसरी उचलली.

पुढच्या दिवाळीला त्यांनी स्वतःच परात सुनेकडे सरकवली. "तूच कर. आलंय तुला आता. माझं मेलेलं लाकूड कशाला मधी?"

अक्कम्मा परात घेऊन त्यांच्या मागेच जाऊन बसली. "गप बसा की, अत्ती," म्हणाली, आणि तो उजवा हात उचलून तुपात ठेवला.